प्रवेशाच्या मुलाखतीची कथा

दरवर्षी फेब्रुवारी महिना उजाडला म्हणजे देशातील मोठ्या व्यवस्थापन विद्यालयांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, पणजी अशा गावांतून तरुण-तरुणी रात्रीच्या गाडीने निघतात आणि सकाळी एका बंद दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसतात. अंगात नवा कोट, मांडीवर प्रमाणपत्रांची फाईल आणि ओठांवर पाठ केलेली काही वाक्ये, असा बहुतेकांचा थाट असतो. लेखी परीक्षेचा डोंगर त्यांनी आधीच ओलांडलेला असतो. आता दाराआड बसलेल्या दोन-तीन परीक्षकांपुढे अर्धा तास काढावयाचा आणि त्या अर्ध्या तासावर पुढील अनेक वर्षांच्या चरितार्थाची दिशा ठरावयाची, या विचाराने भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते.

अशा उमेदवाराला घरून व मित्रांकडून उपदेश पुष्कळ मिळतो. अर्थसंकल्पाचे आकडे पाठ कर, इंग्रजी सफाईने बोल, हात हलवू नकोस, हसतमुख राहा, असे अनेक परींनी त्याला सांगितले जाते. परंतु दाराआडच्या मंडळींना नेमके काय पाहावयाचे असते, याचा उलगडा या उपदेशातून क्वचितच होतो. तो होण्यासाठी हे दार कोणी, केव्हा व कशासाठी बसविले, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. कारण मुलाखत ही काही विद्येच्या जन्मापासून चालत आलेली रूढी नव्हे. तिचा इतिहास जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्या इतिहासात अभिमानाच्या गोष्टींबरोबर लाजेच्याही गोष्टी आहेत.

व्यापाराचे शिक्षण देणारी शाळा काढावी ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. पॅरिसमध्ये १८१९ साली अशी शाळा निघाली व अर्थशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त से यांचा तिच्या स्थापनेशी संबंध होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांच्या देणगीतून १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल सुरू झाले. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले आणि आपल्याकडील मुलांना वाणिज्य विषयाची पदवी घेण्याची सोय झाली. या जुन्या शाळांचा भर हिशेब, व्यापारी कायदा, अर्थशास्त्र व पत्रव्यवहार यांवर होता. अशा विषयांसाठी विद्यार्थी निवडावयाचा तर मागील परीक्षेतील गुण पुरेसे होते. त्याला समोर बसवून बोलते करण्याची निकड कोणास भासली नाही.

ती निकड निर्माण झाली ती शिकविण्याची पद्धत बदलल्यामुळे. १९०८ साली हार्वर्ड विद्यापीठाने पदवीनंतरच्या शिक्षणासाठी व्यवस्थापनाचे स्वतंत्र विद्यालय उघडले. पहिल्या वर्षी तेथे सुमारे ८० विद्यार्थी होते. त्याचे पहिले प्रमुख एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. हार्वर्डच्याच कायद्याच्या शाळेत जुन्या खटल्यांवर चर्चा करून कायदा शिकविण्याची रीत होती. ती व्यापाराच्या शिक्षणात आणावी असा विचार पुढे आला आणि वॉलेस डोनम यांच्या १९१९ ते १९४२ या कारकिर्दीत तो पूर्णपणे रुजला. हीच ‘केस’ची पद्धत. एखाद्या कारखान्यापुढील खरीखुरी अडचण कागदावर मांडून विद्यार्थ्यांस आधी वाचावयास द्यावयाची आणि वर्गात प्राध्यापकाने व्याख्यान न देता केवळ विचारावयाचे, ‘तुम्ही त्या व्यवस्थापकाच्या जागी असता तर काय केले असते, आणि का?’

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर नसते. माहिती अपुरी असते, वेळ थोडा असतो, आणि शेजारी बसलेल्याचे मत अगदी उलट असते. तरीही निर्णय करावा लागतो, तो सर्वांसमक्ष मांडावा लागतो आणि दुसऱ्याचे म्हणणे पटल्यास बदलावाही लागतो. अशा वर्गात मुका बसणारा विद्वान स्वतः थोडे शिकतो आणि दुसऱ्याला काहीच देत नाही. म्हणून विद्यार्थी निवडताना त्याचे गुण तर पाहावेच, पण तो विचार कसा करतो व दुसऱ्याचे ऐकतो कसे हेही पाहावे, असे या शाळांना वाटू लागले. प्रवेशाच्या मुलाखतीचे मूळ प्रयोजन येथे सापडते. ती त्या विद्यालयातील पहिल्या तासाची चुणूक असते. फरक इतकाच, की त्या तासाला चर्चेस घेतलेली ‘केस’ म्हणजे खुद्द उमेदवाराचे आयुष्य असते.

सरकारी नोकरीच्या क्षेत्रातही याच सुमारास तसाच विचार चालू होता. हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा होऊ लागल्या. परीक्षा प्रामुख्याने लेखी. परंतु राज्यकर्त्यांना नुसते पुस्तकी पांडित्य नको होते. अधिकारी अंगापिंडाने धडधाकट व घोड्यावर मांड ठोकणारा असला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. अरविंद घोष १८९० च्या लेखी परीक्षेत अकरावे आले, पण घोडेस्वारीच्या कसोटीस उतरले नाहीत म्हणून १८९२ साली त्यांना वगळण्यात आले. त्याच सुमारास लंडनमध्ये सयाजीराव महाराजांशी त्यांची भेट झाली आणि १८९३ साली ते बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. एका दाराने ज्यांना नाकारले त्यांचे मोल दुसऱ्या दाराशी एका भेटीत ओळखले गेले, ही गोष्ट बडोदेकर अजूनही अभिमानाने सांगतात. पुढे १९१७ साली स्टॅन्ली लीथ्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सनदी परीक्षेत तोंडी परीक्षेचा समावेश करावा अशी शिफारस केली. उमेदवाराचे पुस्तकी ज्ञान पुन्हा तपासण्याऐवजी त्याची तरतरी, समज व आवडीनिवडींचा आवाका पाहावा, हा त्या शिफारशीचा आशय होता.

हेतू स्तुत्य, यात शंका नाही. तथापि समोर बसलेल्या माणसाचे अंतरंग अर्ध्या तासात ओळखण्याची विद्या परीक्षकांना खरोखर अवगत असते काय? हा प्रश्न अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९१५ च्या सुमारास विचारला व त्याचा प्रत्यक्ष पडताळा पाहिला. विक्रेत्याच्या नोकरीसाठी आलेल्या ३६ उमेदवारांच्या मुलाखती सहा अनुभवी विक्री-व्यवस्थापकांनी स्वतंत्रपणे घेतल्या व त्यांचा क्रम लावला. याद्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तो काय आढळले? ३६ पैकी २८ उमेदवारांच्या बाबतीत तो यादीच्या वरच्या अर्ध्या भागात बसतो की खालच्या, एवढ्यावरही सहा जणांचे एकमत होईना! काही वर्षांनी, १९२२ साली, हॉलिंगवर्थ या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने ५७ उमेदवार व १२ व्यवस्थापक यांच्या तशाच पडताळ्याचा वृत्तांत दिला. तेथेही एकाने अग्रभागी बसविलेला माणूस दुसऱ्याच्या यादीत तळाशी सापडला. माणूस एकच, दिवस तोच, केवळ पाहणारे डोळे निराळे.

डोळ्यांचा दोष एक वेळ क्षम्य मानता येईल. मनातील दोष तसा मानता येत नाही. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी विद्यापीठातील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सूचना केली. परीक्षेतील गुणांवर प्रवेश दिला तर ज्यू मुले फार येतात, ही त्यांची तक्रार होती. उघड मर्यादेला विरोध झाला, तेव्हा १९२६ पासून निवडीत ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना महत्त्व देण्यात आले आणि छायाचित्र व मुलाखत ही निवडीची साधने बनली. गुणांना नाकारता येत नाही, पण ‘व्यक्तिमत्त्व आवडले नाही’ असे म्हणता येते. दार तेच राहिले, पण कोणाला आत घ्यावे यापेक्षा कोणाला बाहेर ठेवावे यासाठी ते वापरले गेले. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात स्त्रियांना पहिल्या वर्षापासून प्रवेश मिळावयास तर १९६३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आठ स्त्रिया दाखल झाल्या.

मुलाखतीला थोडीफार शिस्त लागली ती दुसऱ्या महायुद्धाच्या धकाधकीत. ब्रिटिश सैन्याला अधिकारी हवे होते. जुन्या पद्धतीत निवड मंडळ उमेदवाराला पंधरा-वीस मिनिटे भेटे. वडील काय करतात, शाळा कोणती, खेळ कोणता, यांवर बराचसा निकाल लागे. अशा रीतीने निवडलेले पुष्कळ उमेदवार शिक्षण-छावणीत नापास होऊ लागले आणि साध्या घरांतील धडाडीचे तरुण बाहेरच राहिल्याची ओरड झाली. म्हणून १९४२ साली नवी निवड मंडळे स्थापण्यात आली. उमेदवारांना तीन दिवस एकत्र ठेवावयाचे, मानसशास्त्रीय कसोट्या घ्यावयाच्या, स्वतंत्र मुलाखती घ्यावयाच्या आणि सात-आठ जणांच्या गटास पुढारी न नेमता एखादे काम द्यावयाचे, अशी ही पद्धत. पुढारी नेमला नाही म्हणजे पुढारीपण कोठून उगवते ते दिसते, ही त्यामागील युक्ती. हिंदुस्थानातही १९४३ पासून सैन्यातील अधिकाऱ्यांची निवड याच धर्तीवर होऊ लागली. आपल्या व्यवस्थापन विद्यालयांत पुढे रूढ झालेली गटचर्चा ही याच कुळातील.

युद्धकाळातच अमेरिकेच्या हवाई दलात जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ वैमानिकांच्या यशापयशाचा अभ्यास करीत होते. ‘हा माणूस शूर आहे काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘अमुक प्रसंगी त्याने नेमके काय केले?’ असे विचारावे, म्हणजे उत्तरात तथ्य सापडते, असा त्यांचा अनुभव होता. आपली ही पद्धत त्यांनी १९५४ साली सविस्तर मांडली. आज मुलाखतीत ‘तुमच्या हातून एखादे काम फसले असा प्रसंग सांगा’ किंवा ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलेत?’ असे जे प्रश्न हटकून येतात, त्यांचे नाते या विचाराशी आहे. विशेषणांपेक्षा प्रसंगावर विसंबावे, ही मुलाखतीच्या इतिहासातील सर्वांत मोठी सुधारणा म्हटली पाहिजे.

योगायोगाने त्याच १९५४ साली अमेरिकेतील व्यवस्थापन विद्यालयांची सामाईक लेखी प्रवेश परीक्षाही प्रथम घेण्यात आली. नऊ विद्यालयांनी आदल्या वर्षी एकत्र येऊन ती योजिली होती. आज ती जीमॅट या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. लेखी परीक्षेने बुद्धीचा अंदाज घ्यावा आणि मुलाखतीने माणसाचा, अशी कामाची वाटणी हळूहळू ठरत गेली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे व्यवस्थापन विद्यालय पुढे केलॉग या नावाने गाजले. तेथे डोनाल्ड जेकब्स हे १९७५ ते २००१ या काळात प्रमुख होते. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत झालीच पाहिजे, असा आग्रह या विद्यालयाने धरला. ज्या विद्यापीठातील प्राध्यापकाने मुलाखतीची अविश्वसनीयता प्रथम दाखविली, त्याच विद्यापीठाने तिला पुढे इतके मानाचे स्थान द्यावे, हा इतिहासाचा एक मौजेचा भाग होय.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया स्वातंत्र्यानंतर घातला गेला. जमशेदपूर येथे १९४९ साली येशूसंघाचे धर्मगुरू फादर क्विन एनराइट यांनी कामगार व व्यवस्थापक यांच्या संबंधांचे शिक्षण देणारी संस्था काढली. तीच आजची एक्सएलआरआय. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांची दृष्टी होती आणि हार्वर्डचे सहकार्य होते. त्यामुळे ‘केस’ची पद्धत तेथे आरंभापासून आली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली निघाली, ती स्टॅनफर्डच्या सहकार्याने. पुढे दारे वाढत गेली. गोव्यात रायबंदर येथे मांडवीच्या काठी १९९३ साली फादर रोमुआल्द डिसोझा यांनी गोवा व्यवस्थापन संस्था सुरू केली. इंदुरात १९९६ साली भारतीय व्यवस्थापन संस्था आली. हैदराबादेत २००१ साली इंडियन स्कूल ऑफ बिझिनेस उघडले. इंदूरच्या संस्थेने तर २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि सतरा-अठरा वर्षांची मुलेही मुलाखतीच्या बाकावर येऊन बसली.

मुलाखतीला न्यायाची चौकट घालण्याचे कामही आपल्याच देशात झाले. ते झाले एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या निमित्ताने. श्रीनगर येथील या महाविद्यालयात १९७९ च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण व मुलाखतीला ५० गुण ठेवलेले होते. ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशा विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि तीत आईवडील कोण, राहणे कोठे एवढेच विचारले. लेखी परीक्षेत पुष्कळ पुढे असलेली मुले या दोन-तीन मिनिटांत मागे पडली होती. अजय हासिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल नोव्हेंबर १९८० मध्ये लागला. न्यायालयाने मुलाखतीची पद्धत त्याज्य ठरविली नाही. परंतु अशा प्रवेशात मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक भार देणे हे मनमानीचे ठरेल, मुलाखत विषयाला धरून व पुरेसा वेळ देऊन घ्यावी, आणि शक्य तर ती ध्वनिमुद्रित करावी, असे मत नोंदविले. वडिलांच्या नावावरून मुलाची पारख करू नये, हे तत्त्व त्या दिवशी कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

हा सारा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे तयारी कशाची करावयाची हे आपोआप उमगू लागते.

पहिली गोष्ट म्हणजे उमेदवाराने स्वतःचा अर्ज परक्या माणसाच्या नजरेने वाचावा. अनेक विद्यालयांत परीक्षक तो आधी वाचून आलेले असतात. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एका प्रश्नाचे बी आहे. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिले असेल तर अलीकडे काय वाचले, हे विचारले जाणारच. एखाद्या वर्षी गुण घसरले असतील तर का घसरले, याचे खरे उत्तर तयार असावे. खऱ्या उत्तराला पाठांतर लागत नाही आणि उलटतपासणीत ते डळमळत नाही.

दुसरी गोष्ट प्रसंगांची. आपल्या आयुष्यातील चार-पाच निर्णय निवडून ते कागदावर मांडावेत. परिस्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण काय केले, त्याचे फळ काय मिळाले, आणि आज पुन्हा तोच प्रसंग आला तर आपण काय निराळे करू, एवढे लिहिले तरी पुरे. समजा, बेळगावच्या एखाद्या तरुणाच्या वडिलांची ओतकामाची छोटी फाउंड्री आहे. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकविले, कामगारांचा पगार जवळ आला, आणि त्या महिन्यात वसुलीचे काम मुलाकडे आले. तो कोणाकडे गेला, काय बोलला, कोणाला मुदत दिली, कोणाचा माल थांबविला? ‘माझ्या अंगी नेतृत्वगुण आहेत’ या वाक्याने परीक्षकाच्या मनात काहीच उमटत नाही. या एका महिन्याची हकीकत मात्र त्याच्या ध्यानात राहते. बहुतेक उमेदवार अशा गोष्टी घरगुती म्हणून दडवितात आणि त्यांच्या जागी कोठेतरी वाचलेले शब्द बोलतात. ही मोठी हानी होय. येशूसंघाच्या संस्थापकांनी, संत इग्नेशियस यांनी, सोळाव्या शतकात आपल्या अनुयायांना दररोज दिवसभराच्या कृत्यांची मनोमन झडती घेण्याची शिस्त घालून दिली. ती शिस्त नोकरी-प्रवेशासाठी नव्हती हे खरे. पण पंधरा दिवस रोज रात्री स्वतःला ‘आज मी काय ठरविले आणि का?’ असे विचारणाऱ्या मुलाला मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे भय राहत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या गावाची व आपल्या विषयाची. परीक्षक उमेदवाराला त्याच्या परिचयाच्या भूमीवर नेऊन पाहतो. गोव्याच्या मुलाला, २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक व बार्ज यांवर पोट भरणाऱ्यांचे काय झाले, असे विचारले जाऊ शकते. इंदूरच्या मुलीला, स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत तिचे शहर सतत पहिले कसे आले, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी शहराची स्तुती करण्याऐवजी घंटागाडी, ओला व सुका कचरा, घराघरांची सवय आणि त्याचा खर्च यांविषयी चार डोळस गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. पदवीचा विषय भौतिकशास्त्र असेल तर त्यातील मूलतत्त्वे विसरून चालणार नाही. तीन वर्षे जे शिकले त्याविषयी ज्याला कुतूहल उरलेले नाही, त्याला पुढील दोन वर्षांविषयी ते वाटेल, यावर परीक्षकाने विश्वास का ठेवावा?

चौथी गोष्ट भाषेची, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांच्या काळजाला हीच अधिक लागलेली असते. मुलाखत बहुधा इंग्रजीत होते व वर्गही इंग्रजीतच चालतो. तेव्हा सराव हवाच. परंतु सफाईदार उच्चार आणि स्पष्ट विचार या दोन गोष्टी निराळ्या आहेत. लहान वाक्यांत, सावकाश, आधी मत व मग कारण, असे बोलणाऱ्याचे इंग्रजी साधे असले तरी समजते. पाठ केलेल्या भरजरी वाक्यांचा धागा एका उलट प्रश्नाने तुटतो. सराव आरशापुढे करण्यापेक्षा माणसापुढे करावा. शाळेतील जुने गुरुजी, बँकेत काम करणाऱ्या आत्या, शेजारचे दुकानदार काका, यांपैकी कोणीही प्रश्न विचारावा आणि ‘म्हणजे काय?’, ‘असे का?’ असे दोनदा टोकावे. उत्तर आधी मराठीत स्पष्ट झाले की इंग्रजीत आणणे अवघड जात नाही. मुळात जे मराठीतच धूसर आहे ते इंग्रजीत उजळत नाही.

पाचवी गोष्ट ‘मला माहीत नाही’ हे म्हणण्याची. केसच्या वर्गात माहिती अपुरी असणे हा नित्याचा भाग असतो. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचा आव आणणारा व्यवस्थापक उद्या कारखाना बुडवील, हे परीक्षक जाणतात. ‘हे मला ठाऊक नाही, पण विचार करावयाचा झाल्यास मी अमुक बाजूने सुरुवात करीन,’ हे उत्तर दुबळे नव्हे. गटचर्चेतही हेच सूत्र लागू पडते. सर्वांत आधी व सर्वांत मोठ्याने बोलणारा पुढारी ठरतो, ही समजूत चुकीची आहे. १९४२ च्या त्या निवड मंडळांनी गटाला पुढे नेणाऱ्याचा शोध घेतला. तो कित्येकदा गप्प बसलेल्याला बोलते करणारा असे. पुढे आपल्या अनेक संस्थांनी गटचर्चा सोडून लेखी निबंधाची कसोटी आणली. उलट फिलाडेल्फियाच्या व्हार्टन विद्यालयाने २०१२ च्या सुमारास उमेदवारांची गटचर्चा नव्याने सुरू केली. साधने अशी बदलत राहतात. २०२० च्या साथीपासून पुष्कळ मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या आणि कोटाची इस्त्री थोडी कमी महत्त्वाची झाली. पण ‘तुम्ही काय केले असते, आणि का?’ हा हार्वर्डच्या वर्गातील जुना प्रश्न काही बदललेला नाही.

आता शेवटी त्या मुलामुलींविषयी, ज्यांचे नाव यादीत लागत नाही. त्यांची संख्या नेहमीच अधिक असणार, कारण जागा थोड्या आणि उमेदवार फार. त्या दिवशी घरी परतताना गाडीच्या खिडकीशी बसून ‘आपल्यातच काही उणे आहे’ असे वाटणे साहजिक आहे. अशा वेळी स्कॉट यांचे ते ३६ विक्रेते आठवावेत. सहा जाणत्या माणसांना त्यांतील २८ जणांविषयी एकमत करता आले नव्हते. मग एका सकाळी, एका मंडळाने, अर्ध्या तासात दिलेला कौल हा माणसाच्या किमतीचा अखेरचा हिशेब कसा ठरेल? चुकले काय, अडखळलो कोठे, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी पुन्हा बाकावर बसावयाचे झाल्यास ती वही कामास येते. आणि न बसावयाचे ठरले तरी, स्वतःचे चार-पाच निर्णय कारणांसह मांडावयास शिकलेला मनुष्य वडिलांच्या फाउंड्रीत, सहकारी बँकेत किंवा शाळेच्या कार्यालयात, कोठेही गेला तरी ते शिकणे त्याच्याबरोबर जाते.